लक्ष्मीकांतराव

(नभोवाणीवरून केलेले भाषण)

मराठी माणसाला नाव ठेवण्याची जितकी हौस, तितकीच ठेवलेले नाव मोडण्याचीही. बारशाच्या दिवशी आत्याबाईंनी बाळाच्या कानात 'पांडुरंग' म्हणून सांगावे, घुगऱ्या वाटाव्यात, आणि मूल रांगू लागण्यापूर्वीच त्याचा 'पांड्या' होऊन जावा, हा आमच्या घराघरांतला रिवाज आहे. गणेशाचा गण्या होतो, नारायणाचा नाऱ्या होतो, परशुरामासारख्या कोपिष्ट ऋषीचाही परशा होतो. ह्या मोडतोडीत माया असते, हे कोण नाकारील? परंतु तीच मोडतोड हॉटेलातल्या पोऱ्याच्याही वाट्याला येते आणि वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाच्याही. ज्याला आपण लहान मानतो त्याचेच नाव आपण मोडतो. मुलगा मिळवता झाला, त्याचे लग्न झाले, म्हणजे शहाणी आई निदान सुनेच्या माहेरच्या माणसांपुढे तरी त्याला पुरत्या नावाने हाक मारते.

एक मनुष्य मात्र असा होऊन गेला, की त्याचे मोडलेले नाव साऱ्या महाराष्ट्राने त्याला अखेरपर्यंत पुन्हा सांधू दिले नाही. १६ डिसेंबर २००४ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने मुंबईत त्याचा अंत झाला. वय पन्नास. तो नट होता, दोन मुलांचा बाप होता, चित्रपटांचा निर्माताही होता, पण त्या दिवशी आगगाडीच्या डब्यात, बाजारात, जिन्यावर जो तो एकमेकांना सांगत होता तो एवढेच, की "लक्ष्या गेला."

मीही तसेच म्हणालो. आज वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर ते मला खटकते. म्हणून आजच्या ह्या भाषणापुरते तरी मी त्यांना लक्ष्मीकांतराव म्हणणार आहे. पहिल्या दोनतीन वेळा आपल्या कानांना ते विचित्र वाटेल. माझ्या जिभेलाही जड जात आहे.

त्यांच्यापूर्वी मराठी रसिकांना हसविणारे थोर नट काय कमी झाले? 'ब्रह्मचारी' हा चित्रपट १९३८ सालचा. त्यातल्या मालवणकरांना लोकांनी दामुअण्णा म्हटले. त्यांच्या तिरळ्या नजरेला लोक पोट धरधरून हसले, पण 'अण्णा' म्हणूनच हसले. 'लाखाची गोष्ट' १९५२ सालची. तीमधल्या राजा गोसाव्यांना राजाभाऊ म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. कृष्णा कोंडके हे तर सगळ्यांचे दादाच. लक्ष्मीकांतरावांच्याच जोडीने काम करणारे अशोक सराफ यांना आज तीन पिढ्या मामा म्हणतात. अण्णा, भाऊ, दादा, मामा! नात्यागोत्याची सगळी वडीलधारी माणसे आम्ही आमच्या विनोदी नटांत पाहिली. ह्यांच्या वाट्याला तेवढे धाकटेपण आले, आणि धाकट्याचे जे काही होते ते सर्व त्यांचे झाले. त्याचे लाड अतोनात झाले. मात्र तो कधी काही गंभीर बोलू लागला, म्हणजे "तू गप रे," असे म्हणून घरातली मंडळी त्याला बाजूला सारतात, तसेही झाले.

माझा नि त्यांचा परिचय नव्हता. आम्ही एकाच गिरगावातले, एवढीच काय ती सोयरीक. आणि गिरगावात त्या काळी एकेका चाळीत एकेका खेड्याइतकी वस्ती असल्यामुळे ह्या सोयरिकीला काही किंमत नाही. १९५४ साली जन्मलेला हा मुलगा मूळच्या कोकणातल्या कुटुंबातला. घरची स्थिती बेताची असल्याने त्याने लहानपणी लॉटरीची तिकिटे विकली. गणेशोत्सवातल्या नाटकांत त्याच्या तोंडाला प्रथम रंग लागला. पुढे मुंबई मराठी साहित्य संघात त्याने नोकरी धरली. ज्याला रंगमंचावर जावयाचे आहे त्याने रंगमंचाच्या मागल्या बाजूस राबत राहावे, आणि पडद्याच्या फटीतून दुसऱ्यांना मिळणाऱ्या टाळ्या ऐकाव्यात, ही एक उमेदवारीच आहे. शाळेतल्या अध्यापन-वर्गापेक्षा ती कठीण असावी, असे मला वाटते.

मग पुरुषोत्तम बेर्डे यांचे 'टुरटुर' आले. साल १९८३-८४ चे. मी ते नाटक पाहिले तेव्हा मी नुकताच मास्तर झालो होतो, आणि नव्या मास्तराला जो एक फाजील गंभीरपणा चढतो तो मला चढलेला होता. त्या वेळच्या मध्यमवर्गीय घरांत विनोद म्हटला म्हणजे शब्दांचा विनोद. कोटी, श्लेष, उपरोध. खुर्चीवर बसून हसण्याचा तो विनोद. हा तरुण बोलत होताच, पण त्याचे बोलणे मागे पडत होते आणि शरीर पुढे धावत होते. हात एकीकडे, पाय दुसरीकडे, डोळे तिसरीकडे, आणि वाक्य जिथे संपावयास हवे त्याच्या अलीकडेच आवाज फुटून वर गेलेला. माझ्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ डोळे पुसत होते. मीही खूप हसलो, आणि घरी येऊन "ठीक होते, जरा थिल्लर होते," असे सांगितले. हा दुटप्पीपणा पुढे पुष्कळ वर्षे माझ्या अंगी टिकला.

महेश कोठारे यांचा 'धूमधडाका' १९८५ साली आला. श्रीधर यांनी १९६४ साली तमिळमध्ये केलेल्या एका चित्रपटाचे कथानक हिंदीवरून फिरत मराठीत पोचले होते. मराठीत शरद तळवलकर उद्योगपती वाकडे झाले आणि लक्ष्मीकांतराव त्यांचे सिनेमावेडे चिरंजीव. तळवलकरांचा जन्म १९१८ चा. म्हणजे जुन्या रंगभूमीवर शब्द तोलून टाकणारा नट आणि चाळीच्या गणेशोत्सवातून आलेला पोरगेला नट असे बापलेक म्हणून समोरासमोर उभे राहिले. पुढल्या आठदहा वर्षांत 'दे दणादण', 'थरथराट', 'धडाकेबाज' अशी रांगच लागली. ही नावे वाचूनच आमच्या शिक्षकांच्या खोलीत कपाळाला आठ्या पडत. मारुतिरायाच्या कृपेने अचाट बळ मिळालेला आणि तांबडा रंग दिसताच ते गमावून बसणारा पोलीस शिपाई पाहावयास सुशिक्षित मनुष्य जातो तरी कसा, असे आम्ही विचारीत असू. आणि रविवारी मुलाबाळांसह त्याच रांगेत एकमेकांना भेटत असू.

ह्या सगळ्यांत एक चित्रपट वेगळा राहिला, आणि त्याचे कारण मला मुंबई सोडल्यावर कळले. तो म्हणजे सचिन पिळगांवकरांचा १९८८ सालचा 'अशी ही बनवाबनवी'. कथा मूळची हिंदीतली, 'बीवी और मकान' ह्या १९६६ सालच्या चित्रपटाची. संवाद वसंत सबनिसांचे, त्यामुळे पाणी मात्र अस्सल आमच्याकडचे. चार मित्रांना पुण्यात बिऱ्हाड हवे आहे. घरमालकीण बाईंना बिऱ्हाडकरू हवा तो सपत्नीकच. तेव्हा दोघांनी लुगडी नेसायची आणि दोघांनी नवरे व्हायचे. लक्ष्मीकांतराव त्यात परशुरामाचे पार्वतीबाई होतात.

पुरुषाने स्त्रीवेष घेणे आमच्या रंगभूमीला नवे नाही. ज्या भूमीवर बालगंधर्वांचा शालू पाहून कुलीन स्त्रिया आपला शालू निवडीत, तिथे ते नवे कसे असेल? पण बालगंधर्वांची सारी कला पुरुष विसरावयास लावण्यात होती. इथे मौज उलट आहे. पार्वतीबाईंच्या पदराखालचा परशा आपण क्षणभरही विसरत नाही, आणि आता हा पकडला जाणार ह्या धास्तीने आपला जीव खालीवर होत असतो. अशोक सराफांचा धनंजय माने बेत रचतो आणि मोकळा होतो. त्या बेताचे ओझे परशाच्या डोक्यावर येते. बाई होणार तो, गर्भार राहणार तो, आणि घरमालकीण कौतुकाने डोहाळे पुरवू लागली म्हणजे गहिवरून जाण्याचे नाटकही करणार तोच! थोडे बारकाईने पाहा: त्या प्रसंगांत लक्ष्मीकांतराव लोकांना हसविण्यासाठी काहीच करीत नाहीत. ते खरोखर घाबरलेले असतात. घाबरलेला मनुष्य प्रथम हसतो, मग भलतेच बोलतो, मग स्वतःचे बोलणे सावरू जातो आणि आणखी फसतो, हा क्रम ज्याने कधी भाड्याच्या खोलीसाठी घरमालकापुढे हात जोडले असतील त्याला शिकवावा लागत नाही.

मुंबईकराला तर नाहीच नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या बिऱ्हाडांची भाडी जागच्या जागी थिजली. जो खोलीत होता तो राहिला, आणि ज्याला नवी खोली हवी त्याच्यापुढे पागडीचा डोंगर उभा राहिला. चाळीतल्या एका खोलीत दोन भावांचे संसार, मधे पडदा, अशा घरांतून आम्ही मोठे झालो. धाकट्याचे लग्न ठरले की थोरला रात्री गॅलरीत झोपे. शेवटी गिरगाव, परळ, दादर येथली माणसे पश्चिम रेल्वेच्या रुळांबरोबर उत्तरेकडे सरकत सरकत बोरिवलीच्या पलीकडे गेली आणि मीरा रोड, भाईंदर येथल्या मिठागरांच्या मुलखात इमारतींतून वसली. मी त्यांपैकीच एक. हाटकेशला राहावयास आलो तेव्हा पहिले काही महिने पत्ता सांगताना माझा आवाज खाली जाई. गिरगाव सोडल्याची ती लाज होती.

आमच्या हाटकेशच्या संकुलात गणेशोत्सवात एका रात्री पटांगणात पडदा लावून चित्रपट दाखवितात. वर्षांमागून वर्षे तो चित्रपट एकच, 'बनवाबनवी'. समोर बसतात ते काही सगळे मराठी नसतात. गुजराती व्यापारी असतात, उत्तरेकडची कुटुंबे असतात, मंगळुरी शेजारी असतात, मुसलमान शेजारी मुलांना घेऊन येतात. वसंत सबनिसांची वाक्ये त्यांना अर्धीच कळतात. परंतु घरमालकाने सामान बाहेर काढले आणि आता रात्री जावयाचे कुठे, ही गोष्ट त्या पटांगणातल्या एकूणएक माणसाला दुभाष्याशिवाय कळते. बिगरमराठी बिगरविवाहित तरुणाला आजही आमच्या आसपास भाड्याने खोली मिळताना काय काय बनवाबनवी करावी लागते, हे त्या मंडळींना विचारावे.

हसता हसता मी एकदा मनाशी मोजदाद केली. पडद्यावरच्या चार मित्रांपैकी शंतनू झालेले सिद्धार्थ रे, व्ही. शांतारामांचे नातू, मार्च २००४ मध्ये ऐन चाळिशीत गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लक्ष्मीकांतराव. घराबाहेर काढणारे विश्वासराव सरपोतदार म्हणजे सुधीर जोशी, ते डिसेंबर २००५ मध्ये. दोन वर्षांच्या आत तिघे. पडद्यावर मात्र सामान बाहेर येतच होते आणि मुले हसतच होती.

भीती हा लक्ष्मीकांतरावांचा खरा प्रांत होता, असे माझे मत आहे. १९९३ सालच्या 'झपाटलेला'त त्यांनी शब्दभ्रमकाराची भूमिका केली. ओठ न हालविता बाहुल्याला बोलते करण्याची ही विद्या आमच्याकडे पाध्ये घराण्याने नावारूपाला आणली, य. के. पाध्ये यांचा अर्धवटराव वडीलधाऱ्यांनी पाहिलेला असेल. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी ह्या चित्रपटातला तात्या विंचू हा बाहुला केला, आणि दिलीप प्रभावळकरांनी त्या खुनी तात्याला वाचा दिली. कल्पना विलायती होती. तिकडच्या 'चाइल्ड्स प्ले'ची, १९८८ ची. पण तिकडे बाहुल्याची भीती वाटते, इथे बाहुल्यापेक्षा त्याला पाहून घाबरणाऱ्याकडे डोळे लागतात. समोर जिवंत नट नाही. टाळीला टाळी द्यावयास कोणी नाही. एक रबराचा बाहुला आहे, आणि त्याच्याशी बोलताना ह्या मनुष्याचा कंठ कोरडा पडतो तो आपल्याला दिसतो. शिवाय त्यात एक मर्म आहे. ज्याने आजवर बाहुल्याच्या तोंडी आपले शब्द घातले, त्याच्याच अंगात आता बाहुला शिरू पाहतो. त्या वेळी ह्याचा मी फारसा विचार केला नव्हता.

हिंदीत ते गेले, 'मैंने प्यार किया' १९८९ साली आणि 'हम आपके हैं कौन' १९९४ साली गाजले, आणि देशभर त्यांचे तोंड ओळखीचे झाले. दुसऱ्या चित्रपटात ते घरातला नोकर आहेत. नाव लल्लू. लक्ष्याचा लल्लू झाला, आणखी काय सांगू?

सगळेच चांगले होते असे म्हणणे म्हणजे मृत माणसाची खुशामत करणे होय. पुढेपुढे त्यांच्या कामात तोचतोपणा आला. आवाज चढाच लागू लागला, आणि जिथे पूर्वी भीती असे तिथे नुसता आरडाओरडा उरला. कथा लिहिणाऱ्यांनी "इथे लक्ष्या काहीतरी करील" असे म्हणून जागा कोऱ्या सोडल्या असाव्यात, अशी शंका यावी असे कित्येक चित्रपट मी पाहिले. पण चार ठिकाणी तेच मागितले जाते, तेव्हा पाचव्या ठिकाणी निराळे द्यावयास मनुष्य जातो केव्हा? आणि गेलाच, तर त्याचे काय होते?

ते गेले होते. १९९२ साली जब्बार पटेल यांनी 'एक होता विदूषक' काढला. पटकथा आणि संवाद पु. ल. देशपांडे यांचे, चित्रपटासाठी त्यांनी पुष्कळ वर्षांनी लेखणी उचलली होती. गीते ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचे. तमाशातल्या कलावंतिणीचा मुलगा आबुराव सोंगाड्या होतो, सोंगाड्याचा सिनेमातला नट होतो, नटाचा पुढारी होऊ पाहतो. आणि ज्याने सगळ्यांना हसविले त्याची लहान मुलगी मात्र हसत नाही. हा आबुराव लक्ष्मीकांतरावांनी केला. चित्रपटाला त्या वर्षीचे उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. लोक मात्र गेले नाहीत.

मी गेलो नाही. हे मला आज सांगावयाचे आहे, कारण 'लोक' म्हणजे कोणी दुसरे नव्हेत. आमच्या शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी म्हणाले, "लक्ष्याला रडताना पाहावयास पैसे कोण देतो?" सगळे हसले. मी मान डोलविली आणि वह्या तपासू लागलो. विनोद थिल्लर आहे म्हणून वर्षानुवर्षे ज्याला आम्ही बोल लावीत होतो, तो गंभीर होऊन दारी आला तेव्हा आम्हीच दार लावून घेतले.

ह्यात आम्ही काही जगावेगळे केले असे नाही. लंडनच्या दरिद्री वस्तीत वाढलेल्या चार्ल्स चॅप्लिन ह्या इंग्रज नटाचा सगळ्या जगाने 'चार्ली' केला. १९४७ साली त्याने टोपी, छडी आणि ढगळ विजार टाकून 'मॉन्सियर व्हर्दू'मध्ये स्त्रियांचा खून करणारा गृहस्थ रंगविला, तेव्हा अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी पाठ फिरविली. त्याला राग-लोभ निस्तरावयास आयुष्य तरी भरपूर मिळाले. १९७५ साली इंग्लंडच्या राणीने त्याला 'सर चार्ल्स' केले, आणि १९७७ च्या नाताळच्या दिवशी तो ८८ वर्षांचा होऊन वारला. आमच्या माणसाला त्याहून ३८ वर्षे कमी मिळाली. आणि आमच्या संस्कृत नाटककारांचे तरी काय? 'मृच्छकटिका'तला मैत्रेय घ्या: जातीने ब्राह्मण, दरिद्री झालेल्या चारुदत्ताला न सोडणारा खरा मित्र. पण विदूषक म्हटल्यावर त्याला संस्कृत बोलण्याची मुभा नाही. त्याने प्राकृतातच बोलावयाचे. त्याच्या तोंडून शहाणपण निघाले तरी ते धाकट्या भाषेतच निघाले पाहिजे.

'एक होता विदूषक' मी पाहिला तो लक्ष्मीकांतराव गेल्यानंतर, दूरदर्शन-संचापुढे बसून. त्यात ते रडतात असे आम्हांला वाटले होते. ते रडतात थोडेच. गप्प मात्र पुष्कळ वेळ राहतात. ज्या चेहऱ्याला आम्ही कधी स्वस्थ बसू दिले नाही तो स्वस्थ बसलेला पाहून मला ओशाळल्यासारखे झाले, आणि त्या रात्री मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला.

ही १९९४ सालची गोष्ट. शाळेचे नाव मी सांगत नाही. दोष तिचा नव्हता. माझ्या चौथीच्या वर्गात एक काळासावळा, काटकुळा मुलगा होता. 'झपाटलेला' पाहिल्यापासून तो दप्तराला बोलता करी, ओठ न हालविता हजेरी देई. एकदा मी चिडून, आणि चिडता चिडता हसून, त्याला म्हणालो, "बैस रे लक्ष्या." झाले. त्या दिवसापासून तो साऱ्या शाळेचा लक्ष्या झाला. हजेरीपटावरचे नाव फक्त हजेरीपटावर राहिले.

त्या वर्षी संमेलनात पावनखिंडीचा प्रवेश बसवीत होतो. बाजीप्रभू होणारा मुलगा गोवराने आजारी पडला. हा पोरगा माझ्यापाशी आला नि म्हणाला, "गुरुजी, मला सगळे पाठ आहे." खरेच होते. तालमीत त्याने जे केले ते पाहून मी चकित झालो. आवाज लहान, पण प्रत्येक शब्द कळून बोललेला. तोफांचे आवाज ऐकू येईपर्यंत प्राण धरून ठेवणारा बाजी त्याने असा उभा केला की तालमीतली उनाड पोरे गप्प झाली.

संमेलनाच्या रात्री बाजी खिंडीत पडला. तोफेची वाट पाहत त्याने मान वर केली. सभागृहात शांतता होती. इतक्यात मागल्या रांगेतून कोणी ओरडले, "लक्ष्या!" आणि सगळे सभागृह हसले. पालक हसले, पाहुणे हसले. मी विंगेत उभा होतो. मलाही हसू आले. मुलाने तशीच मान वळवून विंगेकडे पाहिले. मी हसताना त्याला दिसलो. एक क्षणभर तो थांबला. मग त्याने डोळे फिरविले, जीभ बाहेर काढली, आणि बाजीप्रभू देशपांडे तात्या विंचूच्या आवाजात मेला. टाळ्या इतक्या पडल्या की पडदा दोनदा उघडावा लागला. नंतर मी त्याची पाठ थोपटली! त्यानंतर कोणत्याही संमेलनात त्याने गंभीर काम मागितले नाही, आणि मलाही ते त्याला द्यावे असे सुचले नाही.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या पटांगणात नेहमीप्रमाणे पडदा लागला होता. पार्वतीबाईंचे डोहाळे चालले होते. चाळिशीचा एक गृहस्थ, कानशिलावर केस पिकलेले, कडेवर पेंगुळलेली मुलगी, माझ्यापुढे येऊन वाकला. "गुरुजी, ओळखलेत का?" पडद्याच्या उजेडात मी त्याच्याकडे पाहिले, आणि माझ्या तोंडून आपसूक निघाले, "अरे, लक्ष्या तू!" तो मोठ्याने हसला. तोही आता हाटकेशलाच, पलीकडच्या इमारतीत भाड्याने राहावयास आला होता.

मी त्याला जवळच्या खुर्चीवर बसविले. त्याला काहीतरी सांगावे, त्या संमेलनाविषयी दोन शब्द बोलावे, असे फार मनात आले. म्हटले, निदान सुरुवात तरी त्याच्या नावाने करावी. आणि श्रोतेहो, मला त्याचे नाव आठवेना. वर्षभर रोज सकाळी मी ते हजेरीपटावरून वाचले होते. पुष्कळ प्रयत्न केला. अखेर लाजत लाजत त्यालाच विचारले, "तुझे खरे नाव काय रे?"

त्याने सांगितले. मी ते त्याच्या मुलीच्या देखत, पुरते, 'राव' जोडून उच्चारले. मुलगी जागी झाली होती. तिने बापाकडे चमत्कारिक नजरेने पाहिले.

"राहू द्या हो गुरुजी," तो म्हणाला, आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागला.